काळ्या पाषाणाच्या तळाशी

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे १७,६०० चौरस किलोमीटर भरते. या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर चहूबाजूंनी भिंत उभी केली आणि दख्खनच्या ज्वालामुखींनी ओकलेला सगळा लाव्हा त्या भिंतीच्या आत भरला, तर तो किती वर चढेल? हा लाव्हा मुळात किमान १० लाख घन किलोमीटर असावा, असा भूशास्त्रज्ञांचा सावध अंदाज आहे. १० लाखांना १७,६०० ने भागले की उत्तर येते जवळपास ५७ किलोमीटर. एव्हरेस्ट नऊ किलोमीटरच्या आतच संपतो. प्रवासी विमाने दहा-अकरा किलोमीटरवरून जातात. परतवाडा, दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर या सगळ्यांच्या डोक्यावर ५७ किलोमीटर उंचीचा सलग काळा दगड! तोच लाव्हा अख्ख्या महाराष्ट्रावर सारखा पसरला, तर सव्वातीन किलोमीटरचा थर होतो, म्हणजे कळसूबाईच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट. साऱ्या भारतावर पसरला तरी तीनशे मीटर उरतो.

हा ५७ चा आकडा लक्षात ठेवावा. तो केवळ थक्क करण्यासाठी काढलेला नाही. पुढे त्याचे खरे काम आहे.

माणसाने लिहून ठेवलेल्या इतिहासात दख्खनच्या तोडीचे काही घडलेलेच नाही. त्यातल्या त्यात मोठे उदाहरण आइसलंडमधल्या लाकी इथले. १७८३ च्या जूनमध्ये तिथे जमिनीला लांबलचक भेग पडली आणि पुढचे आठ महिने त्या भेगेतून लाव्हा वाहत राहिला. एकूण निघाला सुमारे १५ घन किलोमीटर. विषारी वायूंनी गवत जळाले, जनावरे मेली आणि मागून आलेल्या दुष्काळात आइसलंडची निदान एक पंचमांश माणसे दगावली. आता दख्खनचे १० लाख भागिले लाकीचे १५ असा भागाकार करा. उत्तर साडेसहासष्ट हजारांच्या वर जाते. एवढे लाकी एकापाठोपाठ एक फुटावेत, तेव्हा कुठे दख्खन तयार होतो. दख्खनचा बहुतेक लाव्हा सात-आठ लाख ते दहा लाख वर्षांत बाहेर आला, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवले. आठ लाख वर्षे धरली तर सरासरी दर बारा वर्षांनी एक लाकी पडतो, आणि तेही आठ लाख वर्षे. प्रत्यक्षात ते इतके नेमाने झाले नाही. मध्ये हजारो वर्षांच्या उसंती होत्या आणि त्यांची खूण अजून दिसते: दोन काळ्या थरांच्या मध्ये विटेच्या रंगाचा लाल मातीचा पट्टा. चिखलदऱ्याचा घाट चढताना कापलेल्या दरडीत असे लाल पट्टे दिसले, तर समजावे की तिथे लाव्ह्याने दम घेतला होता. आधीचा थर थंड झाला, त्यावर ऊनपाऊस पडला, दगडाची माती झाली आणि मग पुन्हा आग आली.

आपल्याकडे दगड म्हटला की हाच. घराच्या पायात तो, विहिरीच्या बांधणीत तो, पाट्या-वरवंट्यात तो, खदानीवरच्या क्रशरमधून निघणाऱ्या गिट्टीत तो. बोअर मारणारा माणूस ‘काळा पाषाण लागला’ म्हणतो तो हाच बेसाल्ट. पऱ्हाटी ज्या काळ्या जमिनीत वाढते, ती या दगडाचाच चुरा कुजून झालेली आहे. म्हणून वऱ्हाडातल्या माणसाला मनोमन वाटते, की जमीन म्हणजे मुळातच काळी आणि तिच्या खाली काळाच दगड, थेट पाताळापर्यंत. हा समज पार चुकीचा आहे. काळा पाषाण हे आपल्या भूमीचे वरचे पांघरूण आहे, आणि तेही अगदी अलीकडचे.

किती अलीकडचे, ते समजण्यासाठी एक वऱ्हाडी मापच घेऊ. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या टप्प्यात, ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्या ७५ किलोमीटरच्या पट्टीवर पृथ्वीचे सगळे आयुष्य मांडू. पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे. पट्टीच्या सुरुवातीला पृथ्वीचा जन्म, शेवटच्या टोकाला आजचा दिवस. या मापाने एक कोटी वर्षे म्हणजे १६५ मीटर आणि एक मिलिमीटर म्हणजे साठ वर्षे. माणसाची षष्ट्यब्दी होते, तेव्हा तो या रस्त्यावर एक मिलिमीटर चाललेला असतो. म्हाइंभटांचे लीळाचरित्र रिद्धपूरला सिद्ध झाले ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. रिद्धपूरच्या त्या काळापासून आजपर्यंतची सगळी मराठी गद्याची वाटचाल बारा मिलिमीटरमध्ये बसते. आपली मानवजात तीन लाख वर्षांची, म्हणजे शेवटचे पाच मीटर. लोणारचे विवर घडवणारी उल्का साडेनऊ मीटर मागे पडते.

आणि दख्खनचा लाव्हा? ६ कोटी ६० लाख वर्षे म्हणजे १,०९० मीटर. ७५ पैकी जवळजवळ ७४ किलोमीटर चालून झाल्यावर काळा दगड पहिल्यांदा दिसतो, आणि त्याचा सगळा खेळ तेरा मीटरमध्ये आटोपतो. पृथ्वीच्या आयुष्यातले पहिले ७३.९ किलोमीटर या वऱ्हाडात काळा पाषाण नव्हताच. मग काय होते?

याचे उत्तर मिळवायचे दोन मार्ग आहेत. एक खर्चाचा: भोक पाडायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल विंधनविवर घेतले, तेव्हा काळा दगड ३३८ मीटरवर संपला. त्याखाली आठ मीटर गाळाचा थर लागला आणि त्याखाली फिकट रंगाचा, पट्ट्यापट्ट्यांचा स्फटिकमय खडक. कोयनेला भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल विवर खणले गेले. तिथे काळा दगड साडेबाराशे मीटरच्या आसपास संपला आणि खाली तसाच ग्रॅनाइटच्या जातीचा फिकट खडक लागला. त्याचे वय साधारण २५० ते २७० कोटी वर्षे. कोयनेच्या त्या विवरात काळ्या आणि फिकट दगडाच्या मध्ये गाळाचा पट्टाही नाही. दोघे अंगाला अंग लावून आहेत. एका दगडाचे वय सहा-साडेसहा कोटी, त्याच्या खालच्याचे अडीचशे कोटींच्या पुढे. मधली निदान २४० कोटी वर्षे त्या एका रेषेत गडप आहेत. आपल्या रस्त्यावर हे अंतर ४० किलोमीटर होते, आणि विवरातून वर काढलेल्या दगडी दांड्यावर ते बोटाच्या नखाने झाकता येईल एवढ्या जागेत आहे. पृथ्वीचा इतिहास सांगणारे पुस्तक फाटके आहे, असे आपण ऐकतो. ते किती फाटके आहे ते इथे समजते.

दुसरा मार्ग बिनखर्चाचा आहे, आणि तो अमरावती जिल्ह्यात आहे. मोर्शीच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्याच्या हद्दीवर, सालबर्डी नावाचे ठिकाण आहे. महाशिवरात्रीला इथे गुहेतल्या महादेवाची मोठी यात्रा भरते. महानुभाव परंपरेत हा डोंगर चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन मानला जातो. गरम पाण्याचा झराही इथे आहे. भाविक या सगळ्यासाठी येतात. भूशास्त्राचा अभ्यासक मात्र इथल्या नदीपात्रात रमतो, कारण काळ्या पांघरुणाला इथे एक भोक पडलेले आहे. सातपुड्याच्या पायथ्याने जमिनीत मोठ्या तुटी गेल्या आहेत. त्या तुटींवर खडकांचे ठोकळे वरखाली सरकले. सालबर्डीला एक ठोकळा वर उचलला गेला, त्याच्यावरचा काळा दगड झिजून गेला आणि जे एरवी शेकडो मीटर खाली असते ते पायाखाली आले.

तिथला क्रम मुळापासून पाहण्यासारखा आहे. सर्वांत खाली नाइस, म्हणजे पट्टिताश्म. फोडलेला तुकडा हातात घेतला तर आपल्या नेहमीच्या दगडाशी त्याचे काहीच जुळत नाही. काळ्या दगडाचे कण इतके बारीक असतात, की नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. ताजा तुकडा निळसर काळा, आणि फार तर मध्ये पांढऱ्या झिओलाइटने किंवा गारेने भरलेली पोकळी. नाइसमध्ये मात्र कण सुटे सुटे मोजता येतात: काचेसारखी गारगोटी, गुलाबीसर किंवा दुधी फेल्डस्पार, आणि उन्हात चमकणारा काळा अभ्रक. हे कण पट्ट्यांनी लागलेले असतात आणि ते पट्टे वाकलेले, दुमडलेले असतात. दगड अतिशय तापल्याशिवाय आणि वरून कित्येक किलोमीटरचा भार आल्याशिवाय असा वाकत नाही. म्हणजे हा दगड एके काळी खूप खोल होता. त्याच्यावर डोंगर होते, ते झिजून गेले. मध्य भारताच्या कवचाचे दोन जुने तुकडे जिथे एकमेकांना सांधले गेले, त्या सांध्याच्या पट्ट्यात हा भाग येतो. इथल्या तळखडकाचे वय शंभर कोटी वर्षांच्या पलीकडे जाते.

या नाइसवर गोंडवाना काळातले वाळूचे खडक बसलेले आहेत. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका एकाच भूखंडात होते, त्या काळातल्या नद्यांचा हा गाळ. त्याच्यावर लॅमेटा नावाचे चुनखडीयुक्त थर. या थरांत सालबर्डीच्या परिसरात डायनोसोरची अंडी आणि घरटे सापडल्याची नोंद संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी केली आहे. आणि सर्वांत वर आपला काळा पाषाण. चार मजले, आणि खालच्या तीन मजल्यांच्या मध्ये कोट्यवधी वर्षांच्या पोकळ्या. चिखलदऱ्याला सहली जातात त्या जरूर जाव्यात, पण अमरावती जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेने मुलांना एकदा सालबर्डीच्या नदीत उतरवून हे चार दगड ओळीने हाताला लावू द्यावेत, असे मला फार वाटते. पुस्तकातल्या कितीही आकृत्या काढल्या तरी ते होणार नाही.

आता मूळ प्रश्न. तळाशी हा फिकट दगड का आहे? आणि तो फक्त आपल्याच तळाशी आहे असे नाही. कॅनडा, ग्रीनलंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कुठल्याही खंडाचे पांघरूण बाजूला सारले की खाली हीच मंडळी निघतात: ग्रॅनाइट, नाइस आणि त्यांचे भाऊबंद. उलट, कुठल्याही महासागराच्या तळाचा गाळ उपसला की खाली बेसाल्ट लागतो. जगाची वाटणी अशी सरळ आहे: समुद्राखाली काळा, खंडाखाली फिकट.

ही वाटणी वजनाने झालेली आहे. बेसाल्टचा एक लिटर मापाचा ठोकळा घेतला तर तो तीन किलोच्या आसपास भरतो. तेवढाच ग्रॅनाइट दोन किलो सातशे ग्रॅमपर्यंत. फरक लिटरमागे पाव किलोचा. एवढ्याशा पाव किलोवर सगळे खंड उभे आहेत. कवचाखालचे प्रावरण या दोघांपेक्षाही जड आहे, लिटरला सव्वातीन किलोच्या वर. त्याच्यावर हलका ग्रॅनाइट पस्तीस-चाळीस किलोमीटर जाडीचा होऊन उंच तरंगतो, तर बेसाल्टचे सागरी कवच जेमतेम सात किलोमीटर जाड असते, ते खाली बसते आणि त्याच्यावर पाणी साचते. सागरी कवच थंड आणि जुने झाले की आणखी जड होऊन प्रावरणात परत बुडते. म्हणूनच समुद्राच्या तळाशी वीस कोटी वर्षांपेक्षा जुना दगड जवळपास मिळत नाही. खंड मात्र बुडत नाहीत. ज्याचे वय शेकडो कोटींत मोजावे असे जे काही पृथ्वीवर शिल्लक आहे, ते खंडांच्याच पोटात आहे.

पण पृथ्वी सुरुवातीला हा फिकट दगड घेऊन आलेली नव्हती. प्रावरण वितळले की त्यातून थेट बाहेर येतो तो काळा लाव्हा. ग्रॅनाइट त्यातून सरळ निघत नाही. तेव्हा पहिले टिकाऊ कवच काळेच असले पाहिजे, आणि बहुतेक भूशास्त्रज्ञ तसेच मानतात. त्या काळची पृथ्वी आतून आजच्यापेक्षा खूप तापलेली होती. एक कारण जन्मताना झालेल्या टकरींची उष्णता, दुसरे किरणोत्सारी मूलद्रव्ये. युरेनियम-२३५ चे अर्धायुष्य सुमारे ७० कोटी ४० लाख वर्षे आहे, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मे होते. उलटा हिशेब करत ४५४ कोटी वर्षे मागे जा. पृथ्वीच्या जन्माच्या वेळी ते आजच्या ८७ पट होते. किरणोत्सारी पोटॅशियम बारापट होते. आज दगडात कणाकणाने सापडणारी ही द्रव्ये तेव्हा आतून शेगडी पेटती ठेवत होती, आणि प्रावरण आजच्याहून दोनेकशे अंशांनी अधिक गरम होते. अशा पृथ्वीवर लाव्ह्याचे पूर ही रोजची गोष्ट असणार. दख्खनचा पूर आपल्याला अघटित वाटतो. त्या काळात अघटित काय ते शांतता असेल.

काळ्याचा फिकट दगड होण्यासाठी दोन गोष्टी लागतात: पाणी आणि खोली. कोरडा बेसाल्ट वितळायला अकरा-बाराशे अंश तापमान लागते. पण ज्या बेसाल्टमध्ये पाणी मुरून त्याच्या खनिजांचा भाग झाले आहे, तो खोलवर गेला की आठशे-नऊशे अंशांतच घामाघूम होतो. सगळा वितळत नाही, त्यातला दहा ते तीस टक्के भाग वितळतो. गारगोटी आणि फेल्डस्पार ज्यातून बनतात तो हलका रस वेगळा होऊन वर चढतो आणि जड लोहयुक्त भाग खाली राहतो. वर चढलेला रस थिजला की झाला खंडाचा पहिला दगड. पाणी नसते तर ग्रॅनाइट नसता आणि ग्रॅनाइट नसता तर खंड नसते. चंद्राकडे पाहा: त्याच्यावरचे काळे डाग बेसाल्टचेच आहेत, पण मुबलक पाणी नाही, म्हणून तिथे आपल्यासारखे ग्रॅनाइटचे खंडही नाहीत.

पाणी मुरलेला बेसाल्ट एवढ्या खोल जातो कसा, यावर मात्र शास्त्रज्ञांचे एकमत नाही. काहींच्या मते आजच्यासारखेच तेव्हाही सागरी कवच तिरके बुडत होते आणि बुडताना वितळत होते. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे, की त्या तापलेल्या पृथ्वीवर एकाच जागी लाव्ह्याचे थरावर थर इतके साचत, की ढिगाचा तळ आपल्याच भाराने खाली दबून वितळू लागे. इथे आपला ५७ किलोमीटरचा हिशेब उपयोगी पडतो. दख्खनचा लाव्हा लाखो चौरस किलोमीटरवर पसरला. त्याचा एक प्रवाह तर हजार किलोमीटरहून लांब, पार राजमहेंद्रीपर्यंत पोहोचला. पसरल्यामुळे त्याची जाडी कुठेही दोन-तीन किलोमीटरपलीकडे गेली नाही, आणि एवढ्या जाडीच्या तळाशी काहीही वितळत नाही. तोच लाव्हा दोन जिल्ह्यांच्या जागेत ५७ किलोमीटर साचता आणि त्यात पाणी मुरलेले असते, तर त्याचा तळ वितळला असता आणि अमरावती-अकोल्याच्या खाली एका छोट्या नव्या खंडाचे बी पडले असते.

हे कल्पनेपुरते नाही. झारखंड-ओडिशातल्या सिंहभूमच्या अतिप्राचीन खडकांवर प्रियदर्शी चौधरी आणि सहकाऱ्यांनी केलेले संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यांचा निष्कर्ष असा: तिथले कवच आतून वर आलेल्या लाव्ह्याने फुगत फुगत ५० किलोमीटरच्या आसपास जाड झाले, तळातून ग्रॅनाइट तयार झाला, कवच हलके झाले आणि ३३० ते ३२० कोटी वर्षांपूर्वी समुद्रातून वर उचलले गेले. खंड पाण्याबाहेर आला हे त्यांना कळले कशावरून? गाळाच्या खडकांवरून. त्या ग्रॅनाइटवर नद्यांनी आणि किनाऱ्याच्या लाटांनी टाकलेल्या वाळूचे खडक बसलेले आहेत. वाळू होण्यासाठी आधी जमीन उघडी पडावी लागते, पाऊस पडावा लागतो, नदी वाहावी लागते. ज्वालामुखीचा दगड सांगतो खाली काय शिजत होते. गाळाचा दगड सांगतो वर काय चालले होते. लोणीहून निघाल्यावर हा प्रसंग सुमारे २२ किलोमीटरवर येतो. पूर्व विदर्भाची जमीन ज्या बस्तरच्या जुन्या भूखंडावर आहे, त्याच्या खडकांत तर ३५० कोटींच्या पलीकडची वये मिळाली आहेत.

एकूण खंडकवच किती आहे? सुमारे ७०० कोटी घन किलोमीटर. म्हणजे सात हजार दख्खन. पण बेसाल्टमधून हलका रस निघतो तो सरासरी एक पंचमांश धरला, तर कच्चा माल पाचपट लागला असणार: पस्तीस हजार दख्खन. हा माझा ढोबळ हिशेब आहे. सगळे खंड काही दख्खनसारख्या पुरांतून झालेले नाहीत, आणि दगड पुन्हा पुन्हा वितळून वापरलेलाही आहे. तरी प्रमाण समजायला तो पुरे. साडेचारशे कोटी वर्षांत ३५ हजार वेळा, म्हणजे दर एक लाख तीस हजार वर्षांनी एक दख्खन पृथ्वीच्या पोटातून वर आला आणि त्याच्या पाचव्या हिश्शातून खंड घडले. वऱ्हाडातली गंमत अशी, की इथे तयार माल खाली आहे आणि कच्चा माल वर. आधी शिजून झालेला फिकट दगड तळाशी, आणि ज्यातून तसा दगड होऊ शकला असता तो काळा पाषाण त्याच्या डोक्यावर.

या सगळ्या वयांचा हवाला देणारे खनिज आहे झिरकॉन. त्याचा कण मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढा. स्फटिक बनताना तो युरेनियम आत घेतो, शिसे मात्र सहसा घेत नाही. पुढे युरेनियमचे शिसे होत राहते. म्हणून आज त्याच्यात जेवढे शिसे सापडते त्यावरून जन्मतारीख काढता येते. शिवाय तो कमालीचा टणक. ज्या खडकात तो जन्मला तो झिजून नाहीसा होतो, झिरकॉन नदीत वाहतो, वाळूत रुततो, वाळूचा खडक होतो, तरी आपली तारीख जपतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये गोट्यांचा एक गाळखडक आहे, सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात ४३७ कोटी वर्षांचे झिरकॉन मिळाले. पृथ्वीच्या जन्मानंतर अवघ्या १७ कोटी वर्षांनी, आपल्या रस्त्यावर तीन किलोमीटर होण्याआधी, हा कण थिजला होता. जॅक हिल्सच्या प्राचीन झिरकॉनमधल्या ऑक्सिजनच्या प्रकारांवरून तेव्हाही पृथ्वीवर पाणी असावे असे दिसते. आपल्या सिंहभूममध्येही ४२४ कोटी वर्षांचा झिरकॉन सापडला आहे. अखंड खडक म्हणून मान्य झालेला सर्वांत जुना दगड, कॅनडातला अकास्टा नाइस, ४०३ कोटी वर्षांचा आहे. त्याच्या आधीचे बहुतेक ज्ञान झिरकॉनच्या अशा कणांनी दिलेले आहे.

पण झिरकॉनची साक्ष एकांगी असते, आणि हे वऱ्हाडाइतके चांगले दुसरीकडे कुठे कळेल असे मला वाटत नाही. झिरकॉन ग्रॅनाइटच्या जातीच्या दगडात भरपूर होतो, काळ्या बेसाल्टमध्ये क्वचित. दख्खनचे अचूक वय काढताना संशोधकांपैकी एका गटाला झिरकॉन मिळाले ते थरांमधल्या लाल मातीतून, दुसरीकडून उडून आलेल्या राखेतले. आता पूर्णेचे खोरे पाहा. पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडून चांगदेवला तापीला मिळते. उत्तरेला गाविलगडची तूट, तिच्या पलीकडे चिखलदऱ्याचे पठार १,१०० मीटरच्या वर, आणि अलीकडे खचलेले खोरे गाळाने भरलेले. खारपाणपट्ट्याच्या या गाळाची जाडी काही ठिकाणी साडेतीनशे मीटरच्या पुढे जाते. अकोल्याची उंची समुद्रसपाटीपासून २८० मीटरच्या आसपास. म्हणजे या खोऱ्यातल्या गाळाचा तळ काही जागी आजच्या समुद्राच्या पातळीखाली आहे. हा गाळ मुख्यतः काळ्या पाषाणाचा भुगा आहे. त्यात चिकणमाती उदंड, झिरकॉन जवळजवळ नाही. उद्या शंभर कोटी वर्षांनी हा गाळ खडक होऊन कुणाच्या हाती लागला आणि त्याने फक्त झिरकॉन वेचले, तर इथे दहा लाख घन किलोमीटर लाव्हा वाहून गेला होता, याचा थांगपत्ता त्याला क्वचितच लागेल. सातपुड्यातून आलेला नाइसचा एखादा कण मात्र आपले वय बिनचूक सांगेल.

पृथ्वीच्या पहिल्या काळ्या कवचाचे नेमके असेच झाले. ते बुडाले, वितळले, कुजले, आणि मागे झिरकॉनही ठेवून गेले नाही. म्हणून त्याचा शोध घेणाऱ्यांना दुसरी घड्याळे वापरावी लागतात. कॅनडाच्या क्वेबेकमध्ये हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर नुव्वुआगितुक नावाचा एक लहानसा पट्टा आहे. तिथल्या गडद खडकांचे वय ४२८ कोटी वर्षे असल्याचा दावा समॅरियम आणि निओडिमियम या मूलद्रव्यांच्या आधारे २००८ साली झाला. अनेकांनी तो मानला नाही. त्यांच्या मते दगड ३८० कोटींचेच होते. वाद सतरा वर्षे चालला. २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात घुसलेल्या दुसऱ्या खडकांचे वय सुमारे ४१६ कोटी वर्षे निघाल्याचे जाहीर झाले. घुसलेला खडक ज्याच्यात घुसला त्याच्याहून तरुण असतो, तेव्हा भोवतालचे खडक त्याहून जुने ठरतात. हे भोवतालचे खडक मुळात लाव्ह्याचे होते, बेसाल्टच्या जातीचे. वऱ्हाडातल्या खदानीतून निघणाऱ्या काळ्या दगडाचे ते चुलतआजे.